बरं हाय

धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राजमार्ग बीड शहर मागे टाकून, बालाघाटाचा चढ चढून, जेथे पहिला श्वास सोडतो, आणि पाटोद्यावरून नगराकडे जाणारा व नेकनूर-केजवरून अंबाजोगाई-लातूरकडे जाणारा असे दोन रस्ते जेथे त्याच्याशी फारकत घेतात, तेथे मांजरसुंबा नावाचे गाव आहे. परंतु हे गाव शेकडो वेळा पाहिल्याची शपथ घेणाऱ्या प्रवाशांना त्यातले मारुतीचे देऊळ कोणत्या बाजूला आहे असे विचारले, तर शेकडा नव्व्याण्णव निरुत्तर होतील, कारण त्यांनी आयुष्यभर जो पाहिला तो मांजरसुंब्याचा फाटा. ओसरीवर बसून चहा पिऊन गेलेला माणूस ‘घर पाहून आलो’ असे सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

मीही त्या नव्व्याण्णवांतलाच. ट्रेझरीतील नोकरीच्या निमित्ताने आणि पुढे निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांच्या निमित्ताने मी या फाट्यावर इतक्या वेळा उतरलो, ताटकळलो आणि पुन्हा चढलो आहे, की माझ्या सेवापुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद व्हावयास हरकत नव्हती. येथील एका हॉटेलात रबडी खाण्याचा माझा परिपाठ आहे. त्या हॉटेलाचे नाव मी सांगणार नाही. सांगितले, तर हा लेख एका वाटीच्या मोबदल्यात लिहिला अशी वाचकांची समजूत होईल, आणि मालकाची तर अशी समजूत होईल की तो फुकटात लिहून मिळाला.

या फाट्याला प्रसिद्धीची मुळी गरजच काय, असा प्रश्न मला पडत असे. जेथे तीन जिल्ह्यांची वाहने आपण होऊन मंदावतात, तेथे कढईखाली जाळ पेटता ठेवणे एवढीच जाहिरात पुरेशी असते. पसरट कढईत दूध संथ आटत असावे, त्यावर येणारी साय उलथन्याने कडेला लागत जावी, आणि तो वास रस्ता ओलांडून एस.टी.च्या खिडकीत शिरावा. याहून सरस मजकूर कोणत्याही लेखकाला लिहिता आलेला नाही. तरीही निरीक्षणाअंती माझ्या ध्यानात आले, की या फाट्यावर प्रसिद्धीचे एक पुरातन खाते अव्याहत चालू असून त्याचे अंमलदार सर्वस्वी बाहेरचे आहेत. त्यांतला पहिला म्हणजे लांब पल्ल्याच्या खाजगी बसचा चालक. हल्ली ज्या व्यक्तीच्या शब्दामागून सहस्रावधी अनुयायी चालतात, तिला मोठ्या पेढ्या मानधन देऊन आपल्या मालाची तारीफ करावयास लावतात. परंतु आमच्या या चालकाला निदान पन्नास अनुयायी असतात, ते दारातून आत घेतल्यानंतर कडी लागते, आणि तो जेथे ब्रेक दाबील तेथे त्यांना भूक लागावीच लागते. त्याचे मानधन आतल्या खोलीत, पडद्याआड, गरम भाकरीच्या स्वरूपात अदा होते.

दुसरा अंमलदार पंक्चरवाला. चाक खोलून, नळी पाण्याच्या घमेल्यात बुडवून, बुडबुडे सापडले की तो मान वर न करता म्हणतो, “अर्धा घंटा लागंल बगा. तवर जेवून घ्या की शेजारी.” आता फ्रान्स देशात मिशलँ नावाच्या टायर करणाऱ्या पेढीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली आणि ती प्रारंभी फुकट वाटली, या हेतूने की लोकांनी हिंडावे, हिंडण्याने टायर झिजावेत आणि झिजलेले टायर बदलावेत. १९२६ पासून त्या पुस्तकात उत्तम भोजनगृहांना तारे मिळू लागले, आणि पुढे त्या ताऱ्यांचा अर्थही मुक्रर झाला: एक तारा म्हणजे रस्त्यात लागले तर थांबावे, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे, तीन म्हणजे केवळ त्यासाठीच प्रवास करावा. आज त्या ताऱ्यांसाठी जगभरचे आचारी रात्रीची झोप गमावतात. टायर आणि जेवण यांतला हा गूढ संबंध आमच्या पंक्चरवाल्याने कोणत्याही पाश्चात्त्य ग्रंथाच्या साहाय्यावाचून स्वतंत्रपणे शोधून काढला आहे, एवढेच मला नमूद करावयाचे आहे. त्याच्याकडे तारे नाहीत. परंतु उभ्या असलेल्या मालट्रकांची संख्या आहे, आणि ती रस्त्यावरून चष्म्याशिवाय वाचता येते.

सीताफळांच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसणाऱ्या बायांना मी या खात्यात धरावे की काय, याविषयी मी साशंक आहे, कारण त्यांची पद्धत त्याहून प्रगत आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्या मानांकनाचा उच्चार न करता ती बाई एक डोळे उघडलेले फळ फोडून अर्धे तुमच्या तळहातावर ठेवते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. बिया थुंकून होईपर्यंत मनुष्य तेथून हलू शकत नाही, आणि बिया थुंकून झाल्यावर रिकाम्या हाताने जाण्याइतका निर्लज्ज मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही.

असे सर्व सुरळीत चालले असता हॉटेलमालकाचा धाकटा मुलगा पुण्याहून व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊन परत आला.

मुलगा गुणी आहे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. त्याने मला नमस्कार केला, माझ्यासमोर बसला, आणि बाप गल्ल्यावर सुट्या पैशांची चवड रचीत असता मला समजावून सांगू लागला, की जाहिरातीचे युग संपले असून ग्राहकानेच आता पुरस्कर्ता व्हावयाचे आहे, ग्राहकाच्या मुखातून निघालेला शब्द हेच भांडवल आहे, आणि त्या शब्दाचे मापन करणे ही पहिली पायरी होय. “काका, आपल्याला माउथ पब्लिसिटी सिस्टीममध्ये आणायची आहे,” असे तो म्हणाला. माझ्या मुखात त्या वेळी रबडी असल्यामुळे मला त्याचे खंडन करता आले नाही.

ते मापन असे. फ्रेडरिक रायकहेल्ड नामक अमेरिकन पंडिताने २००३ सालच्या डिसेंबरात ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की ग्राहकाला शंभर प्रश्न विचारण्याचे कारण नाही. ‘आमची शिफारस तुम्ही आपल्या मित्राकडे वा सहकाऱ्याकडे कराल, याची शक्यता किती?’ हा एकच विचारावा, आणि शून्यापासून दहापर्यंत आकडा घ्यावा. नऊ-दहा देणारा तो पुरस्कर्ता, सात-आठ देणारा तो तटस्थ, आणि शून्य ते सहापर्यंत काहीही देणारा तो निंदक समजावा. मग पुरस्कर्त्यांच्या शेकडेवारीतून निंदकांची शेकडेवारी वजा केली, की पेढीचे भवितव्य कागदावर उतरते. पद्धत सुटसुटीत आहे. तिच्यात दोष एकच, की तो पंडित नेकनूरच्या बाजाराहून परतणाऱ्या माणसाला कधी भेटला नव्हता.

माझ्यादेखत मुलाने पहिला प्रयोग केला, तो एका पागोटेवाल्या वृद्धावर. हा वृद्ध त्या हॉटेलात निदान वीस वर्षे येत असावा, कारण त्याच्यापुढे चहा न सांगता आला.

“आबा, आमच्या हॉटेलची शिफारस करताल का तुम्ही?”

वृद्धाने बशी खाली ठेवली. “कुणाकडं?”

“म्हणजे, कुणाकडंबी.”

“तसं कसं? तहसीलदाराकडं करायची का आमदाराकडं, ते सांग की. काय अडलंय तुजं?”

शिफारस हा शब्द आमच्या मुलखात निजामाच्या अमदानीपासून चालत आलेला असून त्याचा अर्थ कोणाच्या तरी अडलेल्या कामासाठी कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहणे, असा घट्ट रुजलेला आहे. रबडीसाठी शिफारस लागते हे ऐकून त्या वृद्धाला हॉटेलावर काहीतरी सरकारी गंडांतर आले असावे अशी रास्त शंका आली, आणि मी पाहिले, की त्याने खिशातला मोबाईल चाचपलाही. बऱ्याच खुलाशानंतर प्रश्न दहापैकी किती गुण, इतका सोपा करण्यात आला.

“धापैकी?” वृद्ध विचारात पडला. “पाच लिव. न्हाई, सहा लिव. तुजा बाप भला माणूस हाय.”

“पण आबा, तुम्हाला आवडतं ना इथलं?”

“बरं हाय की!”

मुलाने निमूटपणे त्याची गणना निंदकांत केली. येथे मला शास्त्राची मर्यादा प्रथम स्पष्ट दिसली. ज्या प्रांतात शाळेतला मास्तर शाईचा डाग पाहून अर्धा गुण कापीत असे, आणि उरलेल्या अर्ध्याचेही त्याला वाईट वाटत असे, त्या प्रांतातल्या माणसाच्या हातून दहापैकी दहा सुटणे ही गोष्ट सातबाऱ्यावरची जमीन सुटण्याइतकी दुष्कर आहे. शिवाय ‘बरं हाय’ हे आमच्याकडचे प्रशस्तिपत्रकच होय. पाऊस वेळेवर पडून ज्वारी कमरेला लागली, तरी शेतकरी ‘बरं हाय’ म्हणतो. मुलगी चांगल्या घरी पडली तरी ‘बरं हाय’. आणि कार्तिकी पौर्णिमेला शेजारच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढे दिवसभर रांगेत उभे राहून, डोळे भरून दर्शन घेऊन परतलेल्या माणसाला ‘कसं झालं दर्शन?’ असे विचारले, तर तोही क्षणभर थांबून तेच दोन शब्द उच्चारतो. अधिक बोलल्यास दृष्ट लागते, उधार मागावयास लोक येतात आणि देवालाही आपण उगाच उपकृत केल्यासारखे वाटते, अशी त्यामागची त्रिविध विचारसरणी असावी. हाच निंदक वृद्ध मागल्या वैशाखात वऱ्हाडाचा अख्खा टेम्पो वळवून येथे घेऊन आला होता, ही माहिती मला नंतर गल्ल्यावरून मिळाली. ती मुलाच्या तक्त्यात भरावयास रकाना नव्हता.

नकाशावरच्या ताऱ्यांचे प्रकरण याहून विलक्षण झाले. मांजरसुंबे दोन आहेत. दुसरे नगराजवळ, डोंगरगणाच्या शेजारी आहे आणि त्याच्या माथ्यावर किल्ला आहे. कोणा पर्यटकाचे बोट मोबाईलच्या काचेवर घसरले, आणि तो किल्ला चढून आल्यावर त्याने आपला अभिप्राय आमच्या हॉटेलाच्या खाती जमा केला: चढ फार आहे, पाण्याची सोय नाही, वरून दृश्य मात्र सुंदर दिसते. त्याखाली दोन तारे. मुलाने ते वाचून दाखवले तेव्हा मालकाने चवड रचणे थांबवून एकवार पत्र्याच्या छताकडे पाहिले आणि कोणाला वर चढू दिले म्हणून पोऱ्याला रागे भरला.

मापन फसले म्हणून मुलगा खचला नाही. त्याने हॉटेलाच्या वर्धापनदिनानिमित्त फलक लावावयाचे ठरवले, आणि त्या ठिकाणी त्याची विद्या व आमची परंपरा यांचा अकस्मात संगम झाला. ग्राहकाने विक्रेत्याचा जाहीर पुरस्कार करावा ही कल्पना सातासमुद्रांपलीकडून आली असे जे समजतात, त्यांनी मराठवाड्यातला कोणताही फ्लेक्स पाहावा. वरच्या पट्टीत नेते, मध्यभागी काळ्या चष्म्यासह सत्कारमूर्ती, आणि खाली डाळिंबाच्या दाण्यांसारखे खेटून बसवलेले शुभेच्छुक. शुभेच्छुक हा पुरस्कर्ताच, फक्त त्याला आपला फोटो सत्कारमूर्तीहून किती इंच लहान आहे याची अधिक फिकीर असते. हॉटेलाच्या फलकावर छत्तीस शुभेच्छुक झळकले. मालकाने तो फलक रस्त्यापलीकडे उभे राहून बराच वेळ न्याहाळला, मग गल्ल्याखालून लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही काढली, आणि बोट लावून रुजुवात घेतली. छत्तीसपैकी एकोणतीस मुखे वहीतही होती. “फोटो काढू नगंस,” तो मुलाला शांतपणे म्हणाला, “राहू दे. सगळे एका जागी दिसायलेत.”

समाजमाध्यमांविषयी मात्र मला तुच्छतेने बोलता येणार नाही. याच राजमार्गाच्या टापूत, धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरजवळ, हॉटेल भाग्यश्री नावाचे मटणाचे हॉटेल आहे. त्याच्या मालकाने ना आकर्षक चित्रे काढली, ना वाद्यवृंद लावला. मोबाईलसमोर उभे राहून आपल्या रोजच्या बोलीत ‘नाद करती काय, यावाच लागतंय’ असे तो म्हणाला, आणि २०२५ साली ते वाक्य महाराष्ट्रभर लहान मुलांच्या तोंडी झाले. पुढे तर हॉटेल आज बंद राहील ही त्याची वर्दीदेखील लोक चवीने पाहू लागले. व्यापाराच्या इतिहासात दुकान बंद असल्याच्या बातमीने दुकानाची कीर्ती वाढल्याचे उदाहरण विरळाच. एरवी ही विद्या फक्त पुण्यातल्या दुकानदारांना दुपारी एक ते चारच्या दरम्यान साधलेली होती. माझ्या मते त्या वाक्याचे सामर्थ्य त्याच्या क्रियापदात आहे. ‘या’ म्हटले की ते आर्जव होते, ‘यावे’ म्हटले की निमंत्रणपत्रिका होते. ‘यावाच लागतंय’ हे मात्र समन्स आहे, आणि समन्साची आमच्या लोकांना पिढीजात सवय आहे.

आमच्या मुलानेही चित्रफिती काढल्या. बापाला कढईशेजारी उभे करून ‘काहीतरी बोला’ असे सांगितले. बाप पूर्ण अर्धा मिनिट मोबाईलकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “दूध महागलंय.”

मुलाचा हिरमोड पाहून मी त्याला किर्लोस्करांची हकीकत सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. असल्या समजुती भिंतीवरच्या अक्षरांनी जात नाहीत. त्या बांधापलीकडच्या वावरातले पीक बघून, तेही दोन हंगाम बघून, आणि तिसऱ्या हंगामात ‘सहज विचारतो हं’ अशी प्रस्तावना करून जातात. पुढे १९२० साली त्याच घराण्यातल्या शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक काढले. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना कळावी एवढाच त्याचा मूळ हेतू; परंतु त्यात वाचण्याजोगे इतके येऊ लागले, की नांगराशी सुतराम संबंध नसलेली माणसे ते आवडीने वाचू लागली, आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडे त्याच्या पाठीवर जन्मास आली. सावरकरांच्या सूचनेवरून नावातला ‘खबर’ हा अरबी-फारसी शब्द पुढे गळाला. आमच्याकडे तो गळाला नसता. मराठवाड्यात तेव्हा निजामाचा अंमल होता, आणि अरबी-फारसी शब्द गाळावयाचे ठरते तर अर्ज, तारीख, शिक्का आणि साहेब हे सारेच जाऊन कचेरीत फक्त खुर्ची उरली असती, आणि तीही अरबी निघाली असती. एवढी हकीकत ऐकून मुलाने मला विचारले, “काका, म्हणजे कंटेंट मार्केटिंगच ना हे?” मी होय म्हणालो. पूर्वजांना नवीन पदव्या मिळाल्या, तर आपण आड का यावे?

त्यानंतरच्या खेपेला टेबलावर एक चौकोनी ठिपकेदार शिक्का चिकटवलेला आढळला. तो मोबाईलने टिपून पाच तारे दिल्यास चहा मोफत, अशी योजना होती. येथे मात्र माझ्यातला ट्रेझरीचा कारकून जागा झाला. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आय.एस. १९००० या क्रमांकाचे मानक काढून आंतरजालावरील ग्राहकांचे अभिप्राय कसे गोळा करावे, कसे तपासावे आणि कसे प्रसिद्ध करावे याची तत्त्वे घालून दिली आहेत, आणि विकत घेतलेला अभिप्राय त्यांत बसत नाही, हे मी त्याच्या कानावर घातले. मुलगा ओशाळला. बाप मात्र ओशाळला नाही, कारण त्याला ते मानक निराळ्या मार्गाने पूर्वीच अवगत होते. “नेकनूरच्या बाजारात बैल घेताव का कधी?” त्याने मला विचारले. मी कधी घेतला नव्हता. पण उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्याने मला सांगितले, की तेथे विकणारा बैलाची कितीही वाखाणणी करो, घेणारा त्याचा एक शब्द हिशेबात धरीत नाही. तो दात पाहतो, चालवून पाहतो, आणि मग विकणाऱ्याच्या गावचा माणूस हुडकून त्याला एकच विचारतो, ‘का विकायलाय?’ आणि त्या माणसाला अगोदर चहा कोणी पाजला आहे, याचीही चौकशी करतो.

दुसऱ्या दिवशी तो शिक्का पुसण्याच्या फडक्याखाली गेलेला होता, असे मला कळले. मुलगा हल्ली सकाळी दुधाची परीक्षा स्वतः घेतो आणि गाडीवाल्यांशी गप्पा मारतो. तक्ता अद्याप भरतो, पण त्यात त्याने ‘परत आले’ असा एक रकाना वाढवला आहे.

मागल्या आठवड्यात मी पुन्हा फाट्यावर उतरलो. बस दहा मिनिटे थांबणार होती, आणि कंडक्टरांची दहा मिनिटे ही निवृत्त माणसाला मिळणाऱ्या थकबाकीसारखी असतात, केव्हा संपतील सांगता येत नाही. म्हणून मी उभ्याउभ्याच वाटीभर रबडी संपवली, मिशा पुसल्या आणि जागेवर येऊन बसलो. माझ्या शेजारचे गृहस्थ गेवराईपासून माझ्याबरोबर होते. ते मुळीच उतरले नव्हते. मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून ते बाहेर बघत होते.

“काय खाल्लाव?” त्यांनी विचारले.

“रबडी.”

“कशीय?”

पुरस्कर्ता, तटस्थ, निंदक, तारे, भांडवल असे सर्व शब्द त्या क्षणी माझ्यापुढे हात जोडून उभे होते, आणि दहापैकी दहा द्यावयास माझी मनापासून तयारी होती.

“बरं हाय,” मी म्हणालो.

गृहस्थांनी माझ्या चेहऱ्याकडे निमिषभर निरखून पाहिले. मग ते उठले, पिशवी माझ्या मांडीवर दिली, उपरणे जागेवर टाकले, आणि घंटीच्या दोरीला हात घातलेल्या कंडक्टरला “दोन मिनटं थांबा, मालक,” असे सांगून खाली उतरले.